हळदीचा चौथा ठिपका

फोन आला तेव्हा मी भाव करत होतो. बीरगावच्या माझ्या चक्कीत मिरचीचा एक व्यापारी समोर बसला होता. त्याच्या पोत्यातली मूठभर मिरची मी टेबलावर पसरली होती आणि देठं फार आहेत, माल ओला आहे, असं माझं नेहमीचं चाललं होतं. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. सौदा जुळायच्या बेतात असला की मी कुणाचा फोन घेत नाही, घरच्यांचाही नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलून "कौन है?" म्हणून खेकसलो. पलीकडून एक मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, मैं मीनल. पापा नहीं रहे... आज सुबह." आणि मी विचारलं, "कौन पापा?" हे मी खरंच विचारलं. ती म्हणाली, "दिगंबर. आपके दिगू."

त्यानंतर मी काय केलं तेही लिहितो. लिहायलाच बसलो आहे तर लपवून काय करू? मी सौदा पुरा केला. पोती उतरवून घेतली, त्या माणसाला चहा पाजला, वाटेला लावला. मग गाडी काढून स्मशानात गेलो आणि सगळ्यांच्या मागे, लाकडांच्या ढिगाजवळ उभा राहिलो. अठरा वर्षांनी त्याच्या इतक्या जवळ आलो होतो, आणि तरी मध्ये चाळीस-पन्नास माणसं होती. कॉलेजातली बरीच होती. ज्यांना त्यानं शिकवलं होतं ती आता स्वतः प्राध्यापक झालेली, केस पिकलेली माणसं. संध्याकाळी घरी आलो तर मिरची कोणत्या भावानं घेतली ते मला आठवेना. दुसऱ्या दिवशी मुनीमाला विचारावं लागलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं पहिल्यांदा झालं.

आम्ही दोघे रायपूरच्या गुढियारीचे. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, विदर्भातून आलेली दहा-बारा मराठी घरं होती, बहुतेक रेल्वेवर जगणारी. दिगूचे वडील रेल्वेत खलाशी, माझे मालधक्क्यावर हमाल. तो शाळेत पहिला-दुसरा यायचा, मी मारामारीत. नववीत मी शाळा सोडली आणि सायकलीला दोन पिशव्या अडकवून हॉटेलांना हळद-तिखटाच्या पुड्या विकायला लागलो. त्याला पुढे शिकायचं होतं, पण वडील अपघातात गेले आणि बारावी होताच तो सरकारी कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर म्हणून लागला. काचेची भांडी धुवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, सर सांगतील ते टेबलावर मांडायचं. पुढे तो सहायक झाला, त्याच्या वर कधी गेला नाही. पण रसायनशास्त्राची जी मुलं तिथून निघाली त्यांना फळ्यावरचं सरांनी शिकवलं असेल, हातातलं दिगूनं शिकवलं. हे मी म्हणत नाही, स्मशानात ती पिकल्या केसांची मुलं एकमेकांना सांगत होती.

मला त्यानं पहिल्यांदा प्रयोगशाळेत नेलं ती एक सुट्टीची दुपार होती. मी पुड्या विकून घामानं भिजलो होतो आणि तिथला पंखा चांगला होता, म्हणून गेलो. त्यानं माझ्या हातात गाळणकागदाची एक पट्टी दिली आणि म्हणाला, खालून बोटभर जागा सोडून एक आडवी रेघ आख. माझ्या खिशात शाईचा पेन असायचा. पेन्सिलीचं लिहिलेलं कुणीही खोडतं, म्हणून धंद्यात मी पेन्सिल कधी जवळ बाळगली नाही. मी पेननं रेघ मारली, रेघेवर काळ्या शाईचा ठिपका दिला आणि पट्टी पाण्यात उभी केली. पाणी कागदातून वर चढायला लागलं आणि ठिपक्याबरोबर माझी रेघही वर चालायला लागली. सगळं निळं-काळं खरकटं झालं. दिगू हसून हसून टेबलाला टेकला. "शाईची रेघ चालते बे, परभ्या," तो म्हणाला. "पेन्सिल जागची हलत नाही. जिथून निघालो तेच चालून राहिलं, तर कोण किती चालला ते कसं मोजशील?"

दुसऱ्या वेळी मी ग्लासात पाणी जास्त भरलं. ठिपका पाण्याखाली बुडाला आणि रंग वर चढण्याऐवजी पाण्यातच विरघळून गेला. तिसऱ्या वेळी पट्टी काचेला चिकटली आणि पाणी एका कडेनं धावलं, दुसरीकडून लंगडलं. मी चिडलो, ग्लास उलटा केला. दिगूनं टेबल पुसलं आणि चौथी पट्टी दिली. या वेळी पेन्सिलीची रेघ, राईच्या दाण्याहून लहान ठिपका, फुंकर मारून वाळवलेला, रेघेच्या खाली राहील एवढंच पाणी. आणि मग तो म्हणाला, आता हात लावायचा नाही, हलवायचं नाही, वाकून पाहायचंसुद्धा नाही. मला ते बसणं फार कठीण गेलं. पण अर्ध्या तासात त्या काळ्या ठिपक्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे तीन पट्टे वेगवेगळे होऊन कागदावर उभे राहिले. पट्टी बाहेर काढताच दिगूनं घाईघाईनं वरच्या ओलीच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारली. मी विचारलं, आता कसली घाई? तो म्हणाला, "ओल उडून जाते. काढल्याबरोबर खूण नाही केली तर पाणी कुठवर चढलं होतं ते मंग कोणालेच सांगता येत नाही."

त्या दिवसापासून मी बऱ्याचदा तिथे जाऊन बसायचो. पुढे त्याच्याकडे काचेच्या पट्ट्या आल्या, कॉलेजात त्यांना प्लेट म्हणत. पांढऱ्या भुकटीची पातळ लापशी करून तो त्या काचेवर सारखी पसरवायचा, भट्टीत वाळवायचा, आणि पाण्याऐवजी उग्र वासाचं द्रावक वापरायचा. जॅमच्या बाटलीत तळाला जरासं द्रावक, आत भिंतीला लावलेला गाळणकागद, वर घट्ट झाकण. कागद कशाला, असं मी विचारलं तर म्हणे, बाटलीतली हवा आधी ओली झाली पाहिजे, नाहीतर कडा पुढे पळतात आणि मधलं मागे राहतं. ठिपका मोठा दिला तर त्याला शेपूट फुटतं आणि दोन रंग एकमेकांत मिसळतात. एका नमुन्याला वापरलेली बारीक नळी दुसऱ्याला वापरायची नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पट्टी कडांनीच धरायची. "हात ही सगळ्यात घाण वस्तू आहे," असं तो प्रत्येक नव्या मुलाला सांगायचा आणि माझ्याकडे पाहून पुढे जोडायचा, "आणि याचा हात तर विचारूच नका." कारण मी हळद ओळखतो ती हातानं. चिमूट घ्यायची, अंगठ्यानं तर्जनीवर चोळायची, रंग कसा बसतो, तेल किती सुटतं, वास कुठवर राहतो ते बघायचं. माझा अंगठा कायम पिवळा. तो त्याला हसायचा, मी त्याच्या पगाराला हसायचो. आमचं चांगलं चाललं होतं.

मग नवीन राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली. ज्या गावात एका कचेरीतून दुसरीकडे चालत जाता यायचं तिथे मंत्री, सचिव, नवे विभाग, नव्या पाट्या आल्या. माझ्यासारख्या माणसाला तो काळ पर्वणीचा होता. बीरगावला मी जागा घेतली, चक्की घातली, स्वतःच्या नावाची पाकिटं काढली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी सरकारी वसतिगृहांना मसाले पुरवण्याचं मोठं काम निघालं. मालधक्क्यावरच्या हमालाचा पोरगा सरकारला माल देणार, या विचारानं मला झोप येत नव्हती. बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून मी अख्खी हळद उचलली. रंग असा की पाहत राहावं. दळली, आणि नमुना सरकारात देण्याआधी दिगूकडे घेऊन गेलो. तपासायला नव्हे, खरं सांगायचं तर दाखवायला.

त्यानं हळद स्पिरिटमध्ये हलवली, वरचं पिवळं पाणी घेतलं, ज्योतीवर काचेची नवी नळी ओढली, ठिपका दिला, पट्टी बाटलीत ठेवली. आम्ही बसलो. मी वसतिगृहांच्या गप्पा मारत होतो, तो ऐकत होता. पट्टी बाहेर काढली, वरची खूण केली, आणि मग तो पट्टी खिडकीजवळ नेऊन पाहत राहिला. हळदीचे तीन ठिपके असतात, वरचा मोठा, मग मधला, मग खालचा. हे मलाही माहीत झालं होतं. त्या तिघांच्या खाली, पेन्सिलीच्या रेघेच्या जरासा वर, आणखी एक होता. पिवळाच, पण वेगळा पिवळा.

"माल कुठला आहे हा?" त्यानं विचारलं.

"काहून?"

"चौथा दिसून राहिला."

तो उठला आणि आतून एक लहान बाटली घेऊन आला. कापड रंगवायचा पिवळा रंग, ज्याला खाण्याच्या वस्तूत बंदी आहे. दुसरी पट्टी घेतली, एका बाजूला माझी हळद, दुसऱ्या बाजूला तो रंग. पुन्हा अर्धा तास. या वेळी मी गप्पा मारल्या नाहीत. दोन्हीकडे तो खालचा ठिपका एकाच उंचीवर, दोन भाऊ शेजारी उभे असावेत तसा.

"परभ्या, हे नको देऊ," दिगू म्हणाला. "पोरं खातील."

मी त्याचं ऐकून उठलो असतो तर आज हा लेख वेगळा झाला असता. पण मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. या अंगठ्यानं मी ती हळद निवडली होती. मी म्हणालो, चूक तुझी आहे. तो म्हणाला, असेल, उद्या पुन्हा करू. ते 'असेल' मला पुरलं नाही. मी तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेलो, दार सताड उघडं होतं, आणि जे जे दिगूनं मला इतक्या वर्षांत शिकवलं होतं ते सगळं त्याच्या अंगावर फेकलं. हा माणूस एक नळी दोनदा वापरतो. ठिपका एवढा मोठा देतो. रंगाची बाटली नमुन्याशेजारी उघडी ठेवतो. पट्टी हातानं धरतो. बाटली नीट धूत नाही, त्यात काल काय होतं कुणास ठाऊक. जुनं द्रावक वापरतो. एकेक चूक मला पाठ होती, कारण त्यानंच पाठ करून घेतली होती... अख्ख्या मजल्यावर माणसं दारात येऊन उभी राहिली.

सरांना प्रकरण मिटवायचं होतं. माझ्यामागून आलेल्या दिगूला त्यांनी विचारलं, गलती हो सकती है क्या? तो जर एकदा 'हो सकती है' म्हणाला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी त्याच्याकडे पाहत होतो. माझ्याशी तो जे 'असेल' म्हणाला होता तेच इथे म्हणायचं होतं फक्त. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहून म्हणाला, "सर, प्लेट सही है."

या चार शब्दांचा राग मी अठरा वर्षं धरला. त्यानं चारचौघांत माझं नाव घालवलं, असं मी ज्याला त्याला सांगत फिरलो. आठवड्याभरात बाजारात कुजबुज झाली की माझ्या हळदीत रंग आहे, आणि वसतिगृहांच्या कामाचा अर्ज मी भरलाच नाही. आता शांतपणे आठवतो तेव्हा दिसतं की दिगू त्या खोलीत एकच वाक्य बोलला, तेही हळू आवाजात. मजल्याला ऐकू गेला तो माझा आवाज होता. पण त्या दिवशी जिन्यात मी त्याला थांबवून म्हणालो, "आजपासून तुही-माही ओळख नाही." तो म्हणाला, "हव." हो, एवढंच. सरांनी बाहेरच्यांचं काम प्रयोगशाळेत केल्याबद्दल त्याला दोन वर्षं स्टोअरमध्ये बसवलं, भांडी मोजायला. ज्याचे हात पाहायला मुलं गोळा व्हायची त्याला मुलांपासून लांब ठेवलं. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हणालो, बरं झालं.

आणि ती हळद मी विकली. सरकारला नाही, पण माझ्याच नावाच्या पाकिटांत भरून बाजारात विकली, गुढियारीतसुद्धा. मुद्दाम विकली. माल खरा आहे तर का विकू नये, अशी माझी अकड होती. पण पुढच्या हंगामात त्या व्यापाऱ्याचा माणूस आला तेव्हा मी त्याच्याकडून माल घेतला नाही. भाव जमला नाही, असं सगळ्यांना सांगितलं, बायकोला आणि मुनीमालाही. भाव जमला होता. चांगला जमला होता. नमुन्याची कांडी मी हातात घेतली, अंगठ्यानं घासली, रंग पाहिला, आणि माझ्या तोंडून 'नको' निघालं. त्यानंतर मी फक्त दोन ओळखीच्या गावांतून, समोर उकडून वाळवलेली हळद घेत आलो. असं का करतो हे मी स्वतःलाही नीट विचारलं नाही. विचारलं असतं तर दिगूच्या दारी जावं लागलं असतं.

तो मला शेवटचा दिसला पंडरीच्या कापडबाजारात, यंदाच्या लग्नसराईत. भाचीच्या लग्नाचे आहेराचे कपडे घ्यायला मी ठोक दुकानात बसलो होतो आणि दुकानदाराशी घासाघीस करत होतो. तो आणि वहिनी बाहेरून जात होते. फार वाळला होता, सदरा खांद्यावर टांगल्यासारखा. त्यानं काचेतून मला पाहिलं, थांबला, आणि हात वर केला. मी साडीचा पदर उलगडून विणीकडे पाहायला लागलो. दुकानदार म्हणाला, भैया, कोई बुला रहा है आपको. मी म्हणालो, मुझे नहीं, किसी और को. मान वर केली तेव्हा ते दोघे पुढे गेले होते... त्या साड्या मी म्हटलेल्या भावातच मिळवल्या. त्याचा मला दिवसभर आनंद होता.

त्याला जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा मीनलचा फोन आला. या वेळी मी पहिल्याच घंटीला उचलला. ती म्हणाली, पापाचं एक सामान तुमच्यासाठी आहे, आई म्हणते घेऊन जा. त्यांच्या घरी मी अठरा वर्षांनी गेलो. त्याच दोन खोल्या, तोच पारा. शोभावहिनींनी दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "या भाऊजी. घर सापडलं?"  हा टोला मला बसायलाच हवा होता. मीनलनं बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा समोर ठेवला. "पापा बोलते थे, ये प्रभाकर काका का है. मैं समझी कॉलेज की कोई चीज़ होगी."

डब्यात एक वही होती आणि काळ्या कागदात गुंडाळलेल्या बोटभर लांबीच्या पुड्या. वही उघडली. पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख, पेन्सिलीनं. खाली लिहिलं होतं, 'परभ्या म्हणतो नळी जुनी. नवीन नळी, प्रत्येक ठिपक्याला वेगळी. चौथा आहे.' दुसऱ्या दिवशी, 'परभ्या म्हणतो ठिपका मोठा. निम्मा केला. चौथा आहे, फिका, पण आहे.' मग, 'म्हणतो रंगाची बाटली जवळ होती. बाटली स्टोअरमध्ये कुलपात. नमुना इथे.' मग बाटली नवीन, धुतलेली, भट्टीत वाळवलेली. मग द्रावक नवीन. मग पट्टी चिमट्यानं धरली, हात लागलाच नाही. त्या खोलीत मी जितक्या चुका ओरडून त्याच्या नावावर टाकल्या होत्या त्या सगळ्या त्यानं माझ्या शब्दांत, एकेक करून लिहून काढल्या होत्या आणि एकेक करून तपासल्या होत्या. दिवसभर स्टोअरमध्ये बसून, कामाचे तास संपल्यावर प्रयोगशाळेत. प्रत्येक पानावर शेवटी तोच शब्द, आहे. शेवटच्या पानावर दोन ओळी. 'परभ्याचं म्हणणं संपलं. अजून काही राहिलं का?' आणि खाली एक चूक, जी मी म्हणालोच नव्हतो, ती त्यानं स्वतः आठवून काढली होती. हळद ज्या कागदात बांधून आणली तो कागदच रंगीत असेल. त्यानं पोत्यातला वेगळा नमुना मिळवून तोही लावून पाहिला होता. आहे.

मी वाचत होतो आणि हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं की हा माणूस स्वतःला बरोबर ठरवायला हे करत नव्हता. बरोबर तर तो पहिल्याच दिवशी होता. तो आपली चूक शोधत होता. एक चूक सापडली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या चक्कीच्या दारात उभा राहिला असता, हे मला माहीत आहे. मी त्याला ओळखत होतो. सापडली नाही, म्हणून आला नाही... खोटं सांगून यायची त्याची रीत नव्हती.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्या वर्षी दिवाळीच्या आधी यांनी काय केलं, सांगू? गुढियारीतल्या दुकानांतून तुमच्या हळदीची मिळतील तेवढी पाकिटं आणली. पिशवी भरून. अन् मागच्या नालीत ओतली. नाली पिवळी झाली. मले वाटलं, स्टोअरमध्ये बसवल्यापासून डोकं फिरलं यांचं." पुढे म्हणाल्या, "त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट आणलं. एकच. कॉलेजात घेऊन गेले, संध्याकाळी आले, अन् मले म्हणतात, आता घरात हीच हळद वापर. तेव्हापासून आमच्या घरी तुमचीच आहे, भाऊजी."

वहीच्या मागच्या बाजूनं दुसरं लिखाण सुरू झालं होतं. वर्षाला एक ओळ. दर दिवाळीच्या आधी तो दुकानातून माझं एक पाकीट घ्यायचा आणि पट्टीवर लावायचा. निवृत्त झाल्यावरही त्या एका दिवसासाठी कॉलेजात जायचा, जुन्या लोकांना भेटून येतो म्हणून. पहिल्या वर्षी लिहिलं होतं, 'चार.' दुसऱ्या वर्षी, 'तीन. पुन्हा केलं, तीन. परभ्यानं माल बदलला. कोणाले सांगितलं नसंन.' त्याखाली दोन रेघा. आणि मग दर वर्षी फक्त 'तीन', 'तीन', 'तीन', अक्षर हळूहळू कापरं होत गेलेलं.

जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, ते या माणसाला सतरा वर्षं माहीत होतं. पंडरीत त्यानं हात वर केला तेव्हाही माहीत होतं.

मला राग आला. माझा स्वभावच तसा, दुःख झालं तरी आधी राग येतो. मी वहिनींना म्हणालो, त्याला कळलं होतं तर एकदा येऊन म्हणायचं ना. एक फोन करायचा. इतकी वर्षं वहीत लिहीत बसला, मला सांगायला काय झालं होतं?  वहिनी म्हणाल्या, "सांगितलं होतं ना भाऊजी. पहिल्याच दिवशी. आता बोलायची पाळी तुमची होती."

डबा माझ्या टेबलावर आहे, बीरगावला, जिथे मी भाव करतो तिथेच. परवा माल घेऊन आलेल्या माणसानं विचारलं, यात काय आहे? मी म्हणालो, हळद. तो गेल्यावर मी उठलो, साबणानं हात धुतले, दोनदा धुतले, पुसले. अंगठा पिवळाच राहिला, तो आता निघायचा नाही. मग सगळ्यात जुनी पुडी उघडली. आत दोन काचा समोरासमोर, लेप खरवडू नये म्हणून दोऱ्यानं बांधलेल्या. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही म्हणून वरून काळा कागद, तरी इतक्या वर्षांत रंग उडून गेला होता. पांढऱ्या लेपावर काहीच नव्हतं. दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा दिसलं. तळाला एक आडवी रेघ, वर ओलीची रेघ, आणि मध्ये प्रत्येक ठिपक्याभोवती पेन्सिलीनं काढलेलं एक लहान वर्तुळ. चार वर्तुळं. मग सगळ्यात नवी उघडली, गेल्या दिवाळीची. तिच्यात रंग अजून आहे. तीन ठिपके, वर्तुळं जरा वाकडी. काचेच्या कोपऱ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'परभ्याची हळद. साफ.'

ती पट्टी मी बराच वेळ धरून बसलो होतो. कडांनी.